लेकीची राखण

मृणालिनी हर्डीकरला आमच्या शॉमबर्गच्या मराठी मंडळात सगळे 'गुणी बाई' म्हणायचे. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. बाईनं मार खावा, तोंडातून ब्र काढू नये आणि गणपतीत सगळ्यांच्या आधी येऊन मोदक वळायला बसावं, म्हणजे ती गुणी. ती मार खाते हे सगळ्यांना माहीत होतं. "गुरुदत्त जरा तापट आहे," एवढं म्हणून लोक पुढचा मोदक उचलायचे.

मी सुलभा. मी आणि माझे यजमान राजाराम, दोघंही डॉक्टर. तरुणपणी अमेरिकेत आलो, इथेच नोकऱ्या केल्या आणि आता निवृत्त होऊन बसलो आहोत. राजाराम शांत माणूस आहे. मी नाही. जे दिसतं ते मी बोलते, त्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात माझ्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामी असते. मृणालिनी मात्र मुद्दाम येऊन तिथे बसायची. मूळची नागपूरची, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. इथे एका डे-केअरमध्ये तान्ही बाळं सांभाळायची आणि रविवारी मंडळाच्या शाळेत मुलांना बाराखडी शिकवायची. भर जुलैतसुद्धा मनगटापर्यंत बाह्या. आवाज इतका हळू, की तिच्याशी बोलताना मलासुद्धा आवाज खाली आणावा लागायचा, आणि ते मला जड जातं.

एका संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. मृणालिनीनं वाण डाव्या हातानं घेतलं. उजव्या हाताची बोटं वांग्यासारखी सुजली होती. मी तिला बाजूला घेतलं.

"हे काय?"

"कारच्या दारात सापडली, काकू."

"दारात सापडली तर बोटावर आडवा वळ उठतो. ही कुणीतरी मागे वाकवलीयेत. मी डॉक्टर आहे, मला शिकवू नकोस."

तिनं माझ्याकडे पाहिलं, हसली आणि म्हणाली, "तिळगूळ घ्या ना काकू, मी केलाय." मी घेतला. एक तर तिच्या डोक्यात घालावा असं वाटलं, नाहीतर तिला पोटाशी धरून रडावं असं.

तिचा नवरा गुरुदत्त मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. वडीलधारं कुणी दिसलं की वाकून नमस्कार करणार. तबला उत्तम वाजवायचा, त्यामुळे मंडळाची एकही मैफल त्याच्याशिवाय व्हायची नाही. घरी मारायच्या आधी तो हातातलं घड्याळ काढून ओट्यावर ठेवायचा, असं मला नंतर त्याच्या मुलीनं, अंतरानं सांगितलं. लहानपणी ओट्यावर घड्याळ ठेवल्याचा आवाज आला की ती कपाटात जाऊन बसायची. मोठी झाल्यावर कपाटात जाणं बंद केलं आणि मध्ये उभी राहायला लागली. एकदा मध्ये आली तेव्हा त्यानं ढकललं, ओट्याची कड लागून ओठ फाटला, टाके पडले. शाळेत सांगितलं, स्केटिंग करताना पडले.

मृणालिनीनं स्वतःशी एक ठरवून ठेवलं होतं. अंतराचं हायस्कूल पुरं होईपर्यंत सोसायचं. पोरीची शाळा मोडू द्यायची नाही, कोर्टकचेरीत तिचे मार्क जाऊ द्यायचे नाहीत. एकदा ती लांबच्या युनिव्हर्सिटीत गेली की दुसऱ्या दिवशी आपण बॅग उचलायची. हे तिनं मला माझ्याच गाडीत सांगितलं होतं, पुढच्या काचेकडे बघत, जणू दुसऱ्या कुणाबद्दल बोलत असावी.

आणि पोरगी हुशार निघाली! शाळेत पहिली. दुसऱ्या राज्यातल्या एका नावाजलेल्या युनिव्हर्सिटीत तिला प्रवेश मिळाला. गुरुदत्तनं मंडळभर पेढे वाटले. जो भेटेल त्याला युनिव्हर्सिटीचं नाव सांगायचा, आणि समोरच्यानं "वा!" म्हणेपर्यंत हात सोडायचा नाही.

एप्रिलच्या अखेरीला एका दुपारी अंतरा आईकडे राहिलेला माझा डबा परत द्यायला आली. स्वयंपाकघरात उभी राहूनच तिनं सांगितलं की ती त्या युनिव्हर्सिटीत जाणार नाही. आमच्या भागातलं कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांचं स्थानिक सरकारी कॉलेज, इथल्या शाळांमधून वरच्या नंबरानं पास होणाऱ्या मुलांना फी न घेता शिकवतं. अट एकच, की मुलानं याच भागात राहायला हवं. तिनं ती जागा घेतली होती.

मला तर आनंद झाला. मी म्हटलं, "शहाणी आहेस. दोन वर्षं इथे शीक, मग हव्या त्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घे. तुझ्या बापाला भपका हवाय, तुला शिक्षण हवंय."

"आजी, इट्स नॉट दॅट," ती म्हणाली. "मी गेले तर बाबा विल किल हर. मी घरी असले तर ॲट लीस्ट मी मध्ये येते."

अठराव्या वर्षी आम्ही कोणत्या रंगाची ओढणी घ्यावी यावर आईशी भांडत होतो.

दोन-तीन दिवसांनी मृणालिनी आली. तिलाही कळलं होतं. एरवी बसायला सांगितल्याशिवाय न बसणारी बाई धपकन खुर्चीत बसली.

"काकू, तिला समजवा. तिला लांब जाऊ दे."

"अगं, पण कॉलेजात वाईट काय आहे? हुशार म्हणूनच घेतलंय ना तिला?"

"कॉलेज चांगलंच आहे. आमचं घर वाईट आहे." आणि मग तिचा तो हळू आवाज पहिल्यांदा चढला. "ती आता माराला भीत नाही हो. मला त्याचीच भीती वाटते. परवा ह्यांनी हात उचलला, तर ही नुसती बघत होती. दात आवळून. मला तिच्या तोंडावर ह्यांचा चेहरा दिसला. ती मार खाईल म्हणून नाही मी घाबरत. ती मारायला शिकेल."

मी उखडले. "मग तू निघ ना घरातून! आत्ता निघ!"

"दोघी निघालो तर हे तिच्या कॉलेजच्या दारात जाऊन उभे राहतील. ती लांब गेली की मी निघणार होते. आता ती माझ्यासाठी थांबतेय, आणि ती थांबतेय म्हणून मला थांबायला हवं."

मी अंतराला समजावलं. एकदा गोडीत, एकदा ओरडून. भिंतीशी बोलल्यासारखं झालं. मायलेकी दोघी एकमेकींची राखण करत त्या घरात मार खात बसणार होत्या.

आता आमच्या मंडळाच्या गुणगौरवाबद्दल सांगायला हवं. दर जूनमध्ये बारावी झालेल्या मुलांना स्टेजवर बोलावून शाल आणि नारळ देतात. मुलाचं नाव, शाळा, आणि पुढे कुठे जाणार ते वाचतात. टाळ्या मुलाला नसतात, युनिव्हर्सिटीला असतात. नाव मोठं तर टाळ्या मोठ्या. कम्युनिटी कॉलेजात जाणाऱ्या मुलांचं आजवर 'पुढील शिक्षण लवकरच' असं वाचलं जायचं, जणू पोर आजारी आहे. त्या वर्षी वाचायचं काम माझ्याकडे होतं.

मंडळाचा अध्यक्ष परीक्षित माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "काकू, अंतराचं ते फ्री कॉलेज वगैरे नको हं. गुरुदत्तदादांनी मला युनिव्हर्सिटीचंच नाव दिलंय. उगाच ऑकवर्ड होईल, यार."

गुरुदत्तला घरी कळलं होतंच. "फुकट? आपण काय भिकारी आहोत?" म्हणून त्यानं अंतराचा लॅपटॉप भिंतीवर फोडला होता. तरी मंडळात नाव युनिव्हर्सिटीचंच द्यायचं, ऑगस्टपर्यंत पोरीला सरळ करू, असा त्याचा हिशेब. अंतरानं मला पडद्यामागे गाठलं. "आजी, खरं वाचा. प्लीज."

मी खरं वाचलं. "अंतरा हर्डीकर. शाळेत पहिली. हुशार मुलांना आपलं कम्युनिटी कॉलेज फी न घेता शिकवतं, त्यासाठी तिची निवड झाली आहे." राजारामनं एकट्यानं टाळ्या वाजवल्या आणि लोकांनी नाइलाजानं साथ दिली. गुरुदत्त स्टेजवरच तबल्याशी बसला होता. हसत उठला, लेकीच्या मानेवर मागून हात ठेवला आणि फोटोला उभा राहिला. शाल घालताना मला दिसलं, त्याची बोटं तिच्या मानेत रुतली होती. तीही हसत होती, दात आवळून.

मी वाचलं म्हणून सगळं झालं, असं परीक्षित अजून म्हणतो. म्हणू दे. मला त्याचं काडीचं वाईट वाटत नाही.

कार्यक्रम भाड्याच्या शाळेत होता. संपल्यावर लोक पार्किंगमध्ये उरलेल्या श्रीखंडाचे डबे गाड्यांत भरत होते. लख्ख ऊन. गुरुदत्तनं तबल्याची पिशवी डिकीत ठेवली, वळला आणि अंतराच्या अशी कानशिलात लगावली की तिच्या हातातला नारळ गडगडत गाडीखाली गेला. मृणालिनी मध्ये आली. त्यानं तिचा अंबाडा धरला आणि डोकं गाडीच्या टपाच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. कपाळातून रक्ताची धार लागली आणि तिच्या मोतिया रंगाच्या साडीवर उतरली. मग त्यानं एका हातानं तिचा गळा धरला, दुसरा हात टपावर टेकवला आणि सगळा भार तिच्यावर टाकला. तिचे पाय जमिनीवर घासत होते.

आजूबाजूला आमचे सुशिक्षित लोक डबे हातात धरून उभे. कुणीतरी म्हणालं, "गुरुदत्त, अरे, लोक बघतायत." लोक बघतायत! बाईचा जीव चाललाय याचं काही नाही. मी फोनवर पोलिसांना पत्ता सांगत धावत होते, राजाराम माझ्या पुढे. आमच्या वयाला ते पार्किंग संपेना.

अंतरा ओरडली नाही. तिनं डिकीतली पिशवी उघडली, तबला सुरात लावायची हातोडी काढली आणि टपावर टेकलेल्या बापाच्या हातावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मला नीट ओळखता येतो. तो किंचाळला, मृणालिनीचा गळा सुटला, ती खाली कोसळली. इथे थांबायला हवं होतं. अंतरा थांबली नाही. तो हात पोटाशी धरून खाली बसला, तरी ती मारत राहिली, हातावर, खांद्यावर, परत त्याच हातावर. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. राजारामनं तिला कमरेला विळखा घालून मागे ओढलं. तिनं त्यालाही कोपर मारलं, त्याची बरगडी पंधरवडाभर दुखत होती. मृणालिनी जमिनीवरून सरपटत आली आणि तिनं लेकीच्या मुठीतून ती हातोडी सोडवून घेतली.

पोलीस आले तेव्हा हातोडी मृणालिनीच्या हातात होती. "आय डिड इट," ती म्हणाली. घशातून आवाज नीट निघत नव्हता. गुरुदत्तला विचारलं, तर तो म्हणाला की हात कारच्या दारात सापडला. त्या घरात या दाराचं नाव फार निघायचं. आपल्याला बायकोनं किंवा पोरीनं मारलं हे तो मेला असता तरी कबूल करणार नव्हता. मला विचारलं, तेव्हा मी सांगितलं की यानं हिचा गळा दाबताना मी डोळ्यांनी पाहिलंय, पुढचं भराभर झालं. मृणालिनीच्या गळ्यावर बोटं उमटलेलीच होती. त्याला आधी इस्पितळात नेलं, मग बेड्या घातल्या.

कोर्टानं त्याला जामिनावर सोडलं, पण मायलेकींच्या जवळ फिरकायचं नाही की फोन करायचा नाही असं बजावलं. दोघी आमच्याकडे वरच्या मजल्यावर राहायला आल्या. आमचं घर कॉलेजच्याच भागात, त्यामुळे अंतराची जागा टिकली. मंडळातल्या बायका पाळीपाळीनं डबे पोहोचवायला लागल्या, गुरुदत्तला! बिचाऱ्याचा हात प्लास्टरमध्ये ना. एकीनं मला फोन करून सांगितलं, "काकू, तुम्ही एक घर फोडलंत." मी म्हटलं, "फुटायचं होतं ते तुम्ही इतकी वर्षं डिंक लावून ठेवलं होतंत," आणि फोन आपटला.

ऑगस्टमध्ये अंतरा कॉलेजात जायला लागली. प्राध्यापक खूश, प्रयोगशाळेत कामही मिळालं. मला वाटलं, सुटल्या दोघी. पण हळूहळू मला त्या पोरीचा आवाज खटकायला लागला. "फोन कुणाचा होता? दाखव." "हू सेड यू कॅन गो देअर?" "मी सांगितलं ना नाही म्हणून!" मृणालिनीला डे-केअरमधून यायला उशीर झाला की अंतरा दारात उभी असायची. प्रेमच होतं ते, भीतीपोटी आलेलं. सुरुवातीला मला कौतुकच वाटलं, की बघा, कशी आईला जपते. मृणालिनीला कौतुक वाटत नव्हतं. ती फोन मुकाट्यानं पुढे करायची.

ऑक्टोबरातली दुपार. मृणालिनी आमच्या ओट्याशी भाकरीचं पीठ मळत होती, मी टेबलाशी लसूण सोलत होते. तिचा फोन वाजला, अनोळखी नंबर. तिनं पिठाच्या हातानं उचलला. गुरुदत्त होता. रडत होता, मलाही ऐकू येत होतं. बोटं वळत नाहीत, तबला संपला, एकदा तरी ये. ती फोन कानाशी धरून नुसती ऐकत राहिली. तेवढ्यात अंतरा कॉलेजातून आली. आईचा चेहरा बघूनच तिला कळलं.

तिनं फोन हिसकावून फरशीवर आपटला. "परत? त्याच्याशी? आफ्टर एव्हरीथिंग?"

"मी काही बोलले नाही गं, नुसतं—"

अंतरानं तिच्या थोबाडीत मारली. उलट्या हातानं, जोरात. मृणालिनीचं डोकं कपाटाच्या दारावर आदळलं, पिठाची परात खाली गेली. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही. हात तसाच वर राहिला.

मृणालिनी रडली नाही. ओठाचं रक्त मनगटानं पुसलं आणि आपल्या नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली, "याच्यासाठीच मी तुला लांब पाठवत होते." अंतरा तिथेच पिठात बसली आणि गुरासारखी ओरडून रडायला लागली. मी आयुष्यात फार मरणं पाहिली, पण इतकं भयंकर रडणं ऐकलं नाही.

त्याच आठवड्यात मृणालिनीनं व्हर्जिनियात हर्नडनला राहणाऱ्या आपल्या मावसबहिणीला, गिरिजाला फोन केला. तिथल्या एका डे-केअरमध्ये नोकरीही ठरली. गुरुदत्तच्या फोनचं मी पोलिसांत कळवलं, तो पुन्हा आत गेला. अंतरा हात जोडून विनवत होती, "आई, सॉरी, मी परत कधीच नाही, प्लीज." मृणालिनी तिचे केस विंचरत म्हणाली, "तू इथे शीक. तुझ्या अकलेवर मिळालेली जागा आहे, ती सोडायची नाही. आपल्यातल्या एकीनं लांब जायला हवं. तू गेली नाहीस, मी जाते. मी इथे राहिले तर तू माझी राखण करशील, आणि राखण करता करता मला मारशील."

मी तिला खूप वेळा विचारलं होतं, नवऱ्याला का सोडत नाहीस. तिनं शेवटी सोडलं ते लेकीला. मला अजून त्याचा राग येतो. तिचा नाही. कुणाचा ते नीट सांगता येत नाही.

विमानतळावर अंतरानंच गाडी चालवली. मी मागे बसले होते. दाराशी बॅग उतरवली. वारा बोचरा होता, मृणालिनीच्या कोटाची कॉलर दुमडून आत गेली होती. अंतरानं ती सारखी करायला हात वर केला.

मृणालिनी झटकन खाली वाकली. दोन्ही हात डोक्यावर.

क्षणभरच. मग तिनं हात खाली घेतले, लेकीला पोटाशी धरलं, "जेवत जा" म्हणाली आणि आत गेली. अंतरा कितीतरी वेळ तिथेच उभी होती, हात कोटाच्या खिशांत खोल खुपसून. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. शेवटी मी पुढे जाऊन बसले आणि गाडी मीच घरी आणली.